बॅटरी कुणावर मारायची

बॅग भरताना मी आप्पांची बॅटरी आत घातली. आळेफाट्याच्या बाजारातून घेतलेली, लांब फोकसची. आप्पा ओट्यावर बसून बघत होते.
"तिकडं लाईट नाही का?"
"आहे की. पण रात्री जनावरं बघायला जायचंय."
ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पैसे देऊन?"

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. आमच्याकडे रात्रीचं जनावर म्हणजे बिबट्या, आणि जुनी माणसं त्याला अजून 'वाघ'च म्हणतात. शेतीची थ्री फेज लाईन आठवड्यातून काही दिवस रात्रीच येते. मग उसाला पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी आणि खिशातल्या मोबाईलवर मोठ्या आवाजात भजनं. बॅटरीचं काम एवढंच, की माणूस आलाय हे जनावराला कळावं आणि त्यानं वाट सोडावी. शेजारच्या वस्तीवरची कुत्री गेली, आमची एक कालवड गेली, आणि अलीकडे तालुक्यात माणसंही गेली आहेत. त्यामुळे आप्पांच्या प्रश्नात टोमणा असला तरी तो नुसता टोमणा नव्हता.

पण आतेभाऊ आफ्रिकेत, झांबियातल्या लुसाकात नोकरीला, तीन वर्षं "दादा, वहिनीला घेऊन ये" म्हणून मागे लागलेला. शेवटी गणपती उरकून निघालो. पितृपक्षात कुठं परदेशी निघालात म्हणून आत्याची बोलणी खाल्ली. पण तिकीट तेव्हाच परवडत होतं, आणि पुढे कळलं की अवसेच्या आसपास गेलो हेच बरं झालं. पिवळ्या तापाची लस, मलेरियाच्या गोळ्या वगैरे सोपस्कार झाले. लुसाकाहून ग्रेट ईस्ट रोडने चिपाटा जवळपास पावणेसहाशे किलोमीटर, आणि तिथून म्फुवे आणखी शंभरभर. चिपाट्यात चहाला थांबलो, तर दुकानदार गुजराती बोलणारा निघाला. त्याच्या दुकानात पार्ले-जी होतं. बायकोने चार पुडे घेतले, उगाचच.

म्फुवे हे दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानाचं दार. उद्यान 9,050 चौरस किलोमीटर, दर्जा मिळाला 1972 साली. लुआंग्वा नदी इथे हवी तशी वळत जाते, जुनी वळणं सोडून देते. त्या सोडलेल्या वळणांची तळी होतात आणि सप्टेंबरपर्यंत त्यातली बरीचशी आटून गवताळ खळगे उरतात. जनावरं तिथे आणि नदीकाठी गोळा होतात. नॉर्मन कार नावाच्या वनाधिकाऱ्याने 1950 साली इथल्या न्सेफू या पारंपरिक प्रमुखाला राजी करून पाहुण्यांसाठी पहिला कॅम्प उभा केला आणि त्याचं उत्पन्न गावाला मिळेल अशी सोय केली. जंगलात पायी हिंडवण्याची सफारीही त्याचीच. गेंडा मात्र या उद्यानात आता नाही. शिकाऱ्यांनी संपवला.

मी इथे आलो ते रात्रीसाठी. आपल्याकडे ताडोबात संध्याकाळी गेट बंद व्हायच्या वेळेला जिप्सी कशा सुसाट सुटतात ते पाहिलंय. आफ्रिकेतही सगळीकडे रात्री फिरता येत नाही. मसाई माराच्या मुख्य अभयारण्यात बंदी आहे, भोवतालच्या खासगी राखीव पट्ट्यांत चालतं. लुआंग्वात मात्र उद्यानाच्या आतच अंधारात फिरता येतं, अट एवढीच की गाईड परवानाधारक हवा आणि आठच्या आत बाहेर पडायचं.

चारला निघालो. गाडी उघडी, मागे पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या तीन रांगा. स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. गाईड चाळिशीचा, म्फुवेजवळच्याच गावातला. त्याच्या शेजारी डावीकडे एक पंचविशीतला पोरगा बसला होता, उजेड असेपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याला स्पॉटर म्हणतात. आम्ही त्याचं नाव बत्तीवाला ठेवलं.

दिवसाउजेडी जे दिसायचं ते दिसलं. हत्ती, जिराफ, नदीत एकमेकांना खेटून पडलेले पाणघोडे. त्यांचा आवाज म्हणजे तमाशाच्या तंबूत म्हातारे हसावेत तसा. त्यात मी वेळ घालवत नाही. एक मात्र सांगायलाच हवं. नदीकाठी ब्रह्मदंडाची झाडं होती, ती पुण्यात रस्त्याकडेला दुधी भोपळ्यासारखी फळं लोंबतात ना, तीच. मूळची ही आफ्रिकेचीच. सप्टेंबरात त्यांची लाल-तपकिरी फुलं गळतात आणि पुकू नावाची सोनेरी हरणं ती वेचायला खाली जमतात. गाईड म्हणाला, "म्हणून बिबट्या याच झाडावर बसतो." पुण्यात या झाडाखाली मी अनेकदा गाडी लावली आहे.

पावणेसहाला सूर्य नदीपलीकडे बुडाला. गाडी काठावर थांबली, इतरांनी जिन आणि टॉनिक घेतलं, बायकोने डब्यातून लसणी चिवडा काढला. बत्तीवाल्याने दोनदा घेतला. मग त्याने सीटखालून दिवा काढला, वायर गाडीच्या सॉकेटमध्ये खोचली आणि तो दिवा आपल्या डोक्याशी, कानाच्या जवळ धरला. मला एकदम आप्पा आठवले. तेही बॅटरी अशीच धरतात. मला वाटायचं ही त्यांची लकब.

लकब नव्हे. बऱ्याच निशाचरांच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो, टॅपेटम ल्युसिडम. आत आलेला उजेड तो परत फेकतो, म्हणजे त्या डोळ्याला तोच उजेड दोनदा वापरायला मिळतो. हा परतलेला उजेड आला त्याच वाटेने मागे जातो. दिवा कमरेशी धरला तर चमक कमरेकडे परतते, तुम्हाला दिसतच नाही. दिवा डोळ्याजवळ हवा. माणसाच्या आणि माकडांच्या डोळ्यात हा थर नसतो.

पहिला अर्धा तास काहीच नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. दिवा डावीकडून उजवीकडे, झाडावर, खाली, परत डावीकडे असा अखंड फिरतो आणि त्याच्यामागे तुमची मान. उजेडात येतात ते पतंग आणि किडे, बत्तीवाल्याच्या तोंडावर टपटप आपटतात. गवतात जागोजागी हिरवट ठिणग्या दिसत होत्या. मी उत्साहाने बोट दाखवलं. "कोळी," गाईड म्हणाला. एवढ्याशा कोळ्याचे डोळे गाडीतून चमकतात यावर माझा विश्वास बसेना, म्हणून त्याने गाडी थांबवून एका ठिणगीशी दिवा नेला. खरंच कोळी. नखाएवढा.

मग हळूहळू तो डोळे वाचायला शिकवू लागला. रंगावर फार जाऊ नका, कोन बदलला की रंग बदलतो. उंची बघा. उघडझाप बघा. चाल बघा. दोन डोळे जवळजवळ आणि सरळ तुमच्याकडे रोखलेले असतील तर शिकारी असू शकतो. हरणाचे डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे बरेचदा एकच दिसतो. जमिनीलगत एकच लाल ठिपका उड्या मारत गेला तर ससा. रस्त्यातच बसलेला ठिपका गाडी जवळ येईपर्यंत हलला नाही आणि मग उडाला तर रातवा. झाडात एका फांदीवरून दुसरीवर ठिपके टुणकन गेले तर बुशबेबी, मुठीत मावेल असं माकडांचं दूरचं भावंड.

हे कळल्यावर अंधार रिकामा राहिला नाही. जेनेट दिसली, मांजरीएवढी, ठिपक्यांची, शेपटीवर कडी. दिव्याला न घाबरता खोडावरून उलटी उतरली. जवादी मांजर दिसलं, पण आपल्याकडच्यापेक्षा दांडगं, कुत्र्याएवढं, डोळ्यांवर काळी पट्टी, मान खाली घालून काहीतरी हरवल्यासारखं हुंगत चाललेलं. आणि नदीपासून बऱ्याच लांब, मोपानेच्या झाडांत, अचानक एक पाणघोडा. दिवसभर पाण्यात लोळणारं हे धूड रात्री गवत खायला निघतं, एका रात्रीत चाळीसेक किलो गवत खातं. पाण्याबाहेर त्याचे आखूड पाय बघून हसू आलं. गाईड हसला नाही. "याच्या आणि पाण्याच्या मध्ये कधी उभं राहू नका," एवढंच म्हणाला आणि दिवा काढून घ्यायला लावला.

पहिल्याच रात्री बिबट्या दिसला. एका वळणावर आधीच चार गाड्या उभ्या होत्या, आमची पाचवी. मधोमध वाळूत तो बसलेला, चारी बाजूंनी दिवे. फोटो अप्रतिम आले, आजही लोक वाहवा करतात. पण मला तो क्षण आवडला नाही. लग्नातल्या नवऱ्यामुलासारखी अवस्था झाली होती त्याची. डोळे बारीक करून तो बसून राहिला आणि मग कंटाळून उठला.

चूक केली ती मी दुसऱ्या संध्याकाळी. अंधार पडून दहा मिनिटं झाली असतील. डावीकडे गवतात बरेच डोळे चमकले, आणि बत्तीवाल्याने दिवा त्यांच्यावरून झटकन उजवीकडे नेला. मला वाटलं, याच्या नजरेतून सुटलं. मी आप्पांची बॅटरी काढली आणि मारली. लांब फोकस, थेट कळपावर. वीस-पंचवीस इंपाला ताठ मानेने उभे, एकही हलेना.

गाडी थांबली. गाईड मागे वळला. आवाज चढला नाही, पण हसराही नव्हता. "सर, ती बंद करा." मी केली. मग तो समजावत गेला. ही दिवसाची जनावरं. रात्री यांना दिसतं ते अंधाराला सरावलेल्या डोळ्यांनी. जोराचा उजेड डोळ्यात गेला की काही काळ ती आंधळी होतात. आजूबाजूला कोण टपून बसलंय आपल्याला माहीत नाही. "आपण गेल्यावर त्याचं काम आपण सोपं करून ठेवलेलं असेल." म्हणून हरणांवरून, हत्तींवरून, झाडात झोपलेल्या बबूनांवरून दिवा लगेच काढायचा. बत्तीवाल्याला ते डोळे माझ्याआधी दिसले होते. दिवा त्याने मुद्दाम हलवला होता.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. बॅटरी मी बॅगेत तळाशी घातली. ती ट्रिप संपेपर्यंत तिथेच राहिली.

लाज वाटली म्हणून असेल, मी जरा जास्तच बोलू लागलो. आमच्या गावाकडे बिबट्या उसात राहतो, आम्ही त्याच्यावर बॅटरी मारतो ते तो पळावा म्हणून, असं सांगितलं. गाईड म्हणाला, "आमच्याकडे हत्ती." मका तयार व्हायला लागला की नदी ओलांडून गावात येतात. त्याची आई, भाऊ रात्रभर शेतात जागतात. डबे बडवतात, हत्तीच्या शेणात मिरची कालवून जाळतात, त्या धुराने ते मागे फिरतात. "आणि बॅटरी?" मी विचारलं. "मारतो की. तिथे मारतोच." म्हणजे हाच माणूस नदीच्या एका काठावर हत्तीवरून दिवा काढतो आणि दुसऱ्या काठावर हत्तीवरच मारतो. यात त्याला विसंगती वाटत नव्हती. थोडा विचार केल्यावर मलाही वाटेना.

त्यानंतर सातच्या सुमाराला बिबट्या दिसला, आणि यावेळी आमच्याशिवाय कुणीच नव्हतं. मादी होती. एका आटलेल्या तळ्याच्या कडेने चाललेली, खांदे वरखाली होत, शेपटीचं टोक वर. बत्तीवाल्याने उजेड तिच्या तोंडावर न टाकता जरा मागे, मागच्या पायांशी ठेवला. आम्ही लांबून सोबत चाललो. मग ती थांबली आणि अर्धी झाली. म्हणजे बसली नाही, पण उंची अर्धी झाली. गाईडने पुढे पाहिलं. तळ्याच्या पलीकडच्या काठाला पुकू असावेत. त्याने हात आडवा केला. दिवा बंद, हेडलाईट बंद, इंजिन बंद.

असा अंधार मी लहानपणी पाहिला होता, गावात वीज गेल्यावर. त्यानंतर आज. चंद्र नव्हताच. वर आकाशगंगा, आणि पश्चिमेला वृश्चिक एवढा उंच की मी ओळखेपर्यंत वेळ गेला. आमच्याकडे या दिवसांत तो डोंगराला टेकलेला असतो. समोर मात्र काही नाही. आपल्यापासून चाळीस-पन्नास पावलांवर बिबट्या आहे, तो कुठल्या दिशेला तोंड करून आहे हे माहीत नाही, आणि गाडीला दारं नाहीत. बायकोने माझं मनगट धरलं होतं. माझ्या अंगठ्याला सवयीने बॅटरीचं बटण हवं होतं.

पुकूची शिट्टी ऐकू आली. धोका दिसला की तो शिट्टी वाजवतो, एकदा, दोनदा, थांबून तिसऱ्यांदा. गाईड कुजबुजला, "शिट्टी वाजतेय तोवर काही होत नाही. त्यांना ती दिसतेय." म्हणजे घाबरायचं ते शिट्टीला नाही. शिट्टी थांबेल तेव्हा.

थांबली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. आतेभाऊ नंतर म्हणाला दहा मिनिटं, बायको म्हणते अर्धा तास. लांब एक पाणघोडा हसला. एक किडा माझ्या कॉलरमध्ये शिरून हिंडत होता, मी त्याला हिंडू दिलं. मग एकदम कोरड्या मातीवर खुरांचा धडधडाट, काहीतरी घसटलं, आणि चारी बाजूंनी शिट्ट्या सुरू झाल्या, एकावर एक. "चुकली," गाईड म्हणाला. तरी त्याने दिवा लावू दिला नाही. शिट्ट्या लांब जाईपर्यंत थांबला. पुकूंचे डोळे परत अंधाराला सरावेपर्यंत, असं मला वाटलं. मी विचारलं नाही.

दिवा लागला तेव्हा ती मोकळ्या जागेत बसून खांदा चाटत होती. ओट्यावरून उडी चुकलेलं मांजर जसं काही झालंच नाही असं दाखवतं, अगदी तसं. मग उठून जाताना तिने आवाज दिला, लाकडावर करवत ओढल्यासारखा. हा आवाज मी ओळखतो. घराच्या मागच्या उसातून ऐकलाय, अंथरुणात, कडी लावलेली आहे ना हे दोनदा बघून. त्या रात्रीचा माझ्याकडे एकही फोटो नाही.

तिसऱ्या रात्री फार काही मिळालं नाही. एक मोठं घुबड, ज्याच्या पापण्या चक्क गुलाबी. एक तरस, रस्ता ओलांडून गेलं, बघितलंही नाही आमच्याकडे. पण सगळ्यात मोठं कौतुक शॅमेलियनचं. चालत्या गाडीतून, पंधराएक फुटांवरच्या झुडपात, बत्तीवाल्याने पानाच्या आकाराचा, पानाच्याच जागी झोपलेला सरडा शोधला. त्याचे डोळे चमकत नाहीत. रात्री त्याचा रंग फिका पडतो आणि उजेडात पानांपेक्षा जरा पांढरट दिसतो, तेवढ्यावर. दाखवल्यावरही मला दिसायला मिनिट लागलं.

आठ वाजायला आले तसे पुलावरून बाहेर पडलो. कॅम्पकडे जाणारा रस्ता गावातून जातो. तिथे मी बत्तीवाल्याला म्हटलं, मला जरा धरू देशील? त्याने गाईडकडे पाहिलं, गाईडने मान हलवली. पुढे जाऊन बसलो, दिवा कानाशी धरला. तो दिसतो त्यापेक्षा जड असतो, पाच मिनिटांत दंड भरून आला. गाडी हलते तसा उजेड उडतो, आणि डोळे ठरवतात तिकडे हात जात नाही. तेवढ्यात समोर एक तांबडा ठिपका, एकच, गुडघ्याएवढ्या उंचीवर, हलत येणारा. मी ओरडलो. उंची, चाल, सगळं जुळत होतं.

सायकलचा रिफ्लेक्टर होता. सायकलवरचा माणूस बिचारा हात डोळ्यांवर धरून खाली उतरला. त्या रस्त्यावर रात्री खूप सायकली असतात, बहुतेकांना दिवा नसतो. मी घाईघाईने उजेड काढला. "झिकोमो," तो म्हणाला. म्हणजे धन्यवाद. बत्तीवाला तीन दिवसांत पहिल्यांदा खदखदून हसला.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. अवसेच्या आसपास जा, चांदण्यात शिकारी फारसे सरसावत नाहीत असं तिथले लोक सांगतात. आणि टीप देताना बत्तीवाल्याला वेगळी द्या. सगळे गाईडच्या हातात ठेवतात.

परत आल्यावर आठवडाभरात आमची रात्रीची पाळी आली. बाराला लाईन आली, मी आणि आप्पा मोटर चालू करायला निघालो. बॅटरी आप्पांच्या हातात, कानाशी. बांधाच्या टोकाला उसाच्या कडेला दोन डोळे चमकले. आप्पा थांबले, काठी आपटली.

मी म्हटलं, "आप्पा, मांजर आहे ते."

"कशावरून?"

"घोट्याएवढी उंची आहे. आणि पटापट उघडझाप करतंय."

डोळे वळले, आणि आमच्याच गोठ्यातली बोकी बांधावरून पळाली. आप्पा तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"हे शिकायला आफ्रिकेत गेलतास? मला विचारायचं."

मोटर चालू झाली, पाइपातून पाणी खळाळत आलं. मी सरीत पाणी वळवायला, दार धरायला वाकलो. ते फिरवत होते ती बॅटरी मात्र, मी वर येईपर्यंत, उसावरून हलली नाही.